सूज आणि बाळसे

मराठीच्या प्राध्यापकाकडे इतर विभागांतून येणारे एक ठरलेले काम असते : संशोधन प्रकल्पाच्या मराठी सारांशावरून 'जरा नजर फिरवून देणे'. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि असे सारांश आजवर बरेच तपासून दिले आहेत. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, 'च्या माध्यमातून' काढून साधी तृतीया घालायची आणि कागद परत करायचा. यात आशयाशी आपला संबंध येत नाही, अशी आमची सोयीची समजूत होती.

दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात प्राणिशास्त्राच्या सरांनी दिलेल्या सारांशाने ती मोडली. विषय होता नदीतल्या गोड्या पाण्याच्या माशांमधील लांबी-वजन संबंध आणि वाढीचे स्वरूप. 'माशांच्या जाती' असे जेथे जेथे होते तेथे आम्ही 'प्रजाती' केले. 'जात' या शब्दाला आपल्याकडे जो वास येतो तो त्याने टळतो, असे आम्हांला वाटले. पण 'कंडिशन फॅक्टर' या संज्ञेपाशी अडलो. सरांनी कंसात 'स्थिती-गुणांक' लिहिले होते. स्थिती म्हणजे कसली? आर्थिक, मानसिक की हवामानाची? आम्ही तसे विचारले, तेव्हा सर म्हणाले, "शब्द टेबलाशी बसून मिळायचा नाही. शनिवारी चिखलदऱ्याला चला, मासा हातात घेऊन पाहा."

म्हणून परतवाड्याहून घाट चढून आम्ही चिखलदऱ्याला गेलो. आषाढ तोंडावर आला होता आणि गाविलगड ढगात बुडाला होता. या पठाराची एक गंमत आहे. याच्या दक्षिण उतारावरचे पाणी चंद्रभागेसारख्या नद्यांतून पूर्णेला जाते. उत्तरेकडचे पाणी सिपना, गडगा यांच्या वाटेने तापीला मिळते. वेगळी झालेली ही दोन्ही पाणी पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवपाशी, पूर्णा-तापीच्या संगमावर, पुन्हा एकत्र येतात. 'चांगदेव पासष्टी' इतकी वर्षे शिकवूनही हे भूगोलाचे अंग आमच्या ध्यानात आले नव्हते. व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रात मासेमारीला बंदी असल्याने सरांचे नमुने त्या हद्दीबाहेरच्या पात्रातले होते. विश्रामगृहाच्या ओसरीवर त्यांनी मोजपट्टी लावलेली एक फळी मांडली, शेजारी वजनकाटा ठेवला आणि एकेक मासा फळीवर आडवा ठेवून आकडे सांगायला सुरुवात केली. लिहून घेणारे आम्ही.

गणित आम्हांला भय वाटावे इतके अवघड निघाले नाही. एखादी वस्तू आकार न बदलता दुप्पट लांब झाली, तर तिची रुंदी आणि जाडीही दुप्पट होते आणि वजन आठपट. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे मांडले, तेव्हा त्याच्यापुढे हाडांचा प्रश्न होता : राक्षसाचे हाड माणसाच्या हाडासारखेच घडले, तर ते त्याच्याच भाराने मोडेल. माशाचा भार पाणी तोलून धरते. त्यामुळे त्याचे वजन लांबीच्या तिसऱ्या घाताच्या आसपास वाढू शकते. दहा सेंटीमीटरचा मासा दहा ग्रॅमचा असेल, तर वीस सेंटीमीटरचा ऐंशी ग्रॅमचा व्हावा. घात तीनऐवजी २.८ निघाला, तर तोच सुमारे सत्तर ग्रॅमचा होतो, म्हणजे वाढता वाढता सडपातळ होत जातो; ३.२ निघाला, तर ब्याण्णव ग्रॅमचा, म्हणजे अंगाने भरत जातो. वाढीचे स्वरूप म्हणतात ते या एका आकड्यात असते. आणि 'कंडिशन फॅक्टर' म्हणजे ग्रॅममधल्या वजनाला सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागून शंभराने गुणले की येणारी संख्या. ती स्कॉटलंडच्या फुल्टन यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या लांबीच्या मानाने मासा किती भरलेला आहे, एवढेच ती सांगते.

मोजता मोजता नावांचा विषय निघाला आणि आम्ही आमच्या प्रांतात आलो. कर्नल साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकी गोळा करत असताना इथले मासेही टिपून ठेवत होता. १८३९ मध्ये त्याने ते शास्त्रीय जगापुढे मांडले, तेव्हा लॅटिन नावांच्या उत्तरार्धात त्याने अनेक ठिकाणी कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच ठेवली. महसीराच्या एका प्रजातीचे नाव 'टॉर खुद्री'. मिशाळ शिंगटीचे 'मिस्टस शिंगटी'. दगडाला ओठाखालच्या चकतीने चिकटून राहणाऱ्या मळ्याचे 'गारा मुल्या'. इंग्रजी कानांनी ऐकून लॅटिन वळणाने लिहिलेले हे मराठी शब्द आजही जगभरच्या शास्त्रीय सूचींत वावरत आहेत. सरांनी पुढे हेही सांगितले, की धावत्या पाण्याला सरावलेले असे मासे पूर्व हिमालयाकडून दक्षिणेत पोहोचले ते सातपुड्याच्या वाटेने, अशी उपपत्ती सुंदरलाल होरा यांनी मांडली होती; १९४९ मध्ये तिच्यावर परिसंवाद झाला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यावर बऱ्याच शंकाही घेतल्या. आमच्या मनात मात्र साइक्सच राहिला. परका माणूस इथला शब्द उचलतो आणि आम्ही 'स्थिती-गुणांक' लिहितो!

त्याच वेळी आमच्यापैकी एकीला शब्द सुचला : बाळसे. लांबीच्या मानाने अंग भरलेले असणे, यासाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही. बाळसे केवळ वजनाला म्हणत नाहीत, लठ्ठपणालाही नाही. ज्या वयाला, ज्या अंगलोटीला जे शोभते ते भरलेपण म्हणजे बाळसे. 'बाळसे-गुणांक' म्हणू या, असे आम्ही उत्साहाने सुचवले. सर हसले. त्यांनी काट्यावरचा सर्वांत भरदार मासा उचलला, ज्याच्यासमोर त्या दिवसाचा सर्वांत मोठा गुणांक आम्हीच लिहिला होता, आणि त्याचे पोट चिरले. आत गच्च अंडी होती. पहिल्या पुराबरोबर ती सोडली, की हाच मासा तेवढ्याच लांबीचा आणि रोड दिसला असता. "हे तुमचे बाळसे नाही," सर म्हणाले. "म्हणून दर आकड्यापुढे महिना लिहायचा, नर की मादी ते लिहायचे, पोटात काय आहे ते लिहायचे."

"सूज म्हणजे बाळसे नव्हे," आमच्यापैकी एकाने म्हण टाकली आणि सगळे हसलो.

सरांनी आणखी एक गोष्ट बजावली. हा आकडा ज्याचा त्याच्याशीच ताडायचा. वांब दोरीसारखी लांब, कटला डोक्या-पाठीने जाड. वांबीचा गुणांक कटल्याशेजारी ठेवून तिला उपाशी ठरवणे हा मूर्खपणा होईल. १९५१ मध्ये ले क्रेन यांनी इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरातल्या पर्च माशांवर काम करताना याचीच शिस्त घालून दिली : त्या पाण्यातल्या त्या माशाचे त्या लांबीला जे वजन अपेक्षित, त्याच्याशी प्रत्यक्ष वजन ताडून पाहायचे. आम्ही वहीत लिहिले : 'तुलना फक्त स्वजातीयांशी.' मग 'स्वजातीयांशी' खोडून 'त्याच प्रजातीशी' केले.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या गावाजवळ पावसाने गाठले आणि आम्ही अंगणवाडीच्या ओसरीला आश्रयाला थांबलो. त्या दिवशी तिथे वजने चालली होती. काटा टांगलेला होता आणि सतरंजीवर एक फळी होती. तिच्या एका टोकाला डोके टेकवायची पाटी, दुसरीकडे तळपायाला लागेपर्यंत सरकवायची पाटी. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे ठेवून त्याची लांबी मोजतात, उंची नव्हे. हे आम्हांला त्या दिवशी कळले. आदल्या दिवशीची फळी आमच्या डोळ्यांसमोर होती. सर एकदम गप्प झाले. आम्हीही त्या सारखेपणाविषयी एकमेकांशी काही बोललो नाही.

मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा १९९३ पासून महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत दर पावसाळ्यात होत आली आहे. आम्ही जिल्ह्यातलेच, लेख वाचलेले, भाषणे ऐकलेली. तरीही काहीतरी बोलायचे म्हणून आमच्यापैकी एकीने सेविकेला विचारले, "इकडची मुले जात्याच लहानखुरी असतात, नाही का?"

सेविका मूल फळीवरून उचलत होती. तिने ते आईच्या हातात दिले, आईशी कोर्कूत दोन शब्द बोलली आणि मग आमच्याकडे वळली. "लहान नाहीत जी मॅडम हे," ती म्हणाली. "यायले कमी पडलं हाये."

तिच्या स्वरात राग नव्हता. चूक दुरुस्त करून द्यावी तसे ती बोलली. सकाळपासून कागदावरचा 'जात' शब्द खोडत बसलेल्या आमच्या तोंडून 'जात्याच' इतक्या सहज निघून गेला होता. माशांसाठी योग्य असलेला नियम आम्ही न कळत माणसांना लावला होता : यांना यांच्यातल्यांशीच ताडावे, म्हणजे सगळे ठीकच दिसेल.

परतल्यावर आम्ही या विषयावर वाचले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत पाहणी केली. ज्या मुलांना आईचे दूध, पुरेसे अन्न आणि निरोगी घर मिळाले, त्यांची पहिल्या पाच वर्षांतली वाढ सर्वत्र जवळजवळ सारखी निघाली. २००६ मध्ये आलेले वाढीचे मानक त्यावर उभे आहे आणि अंगणवाडीतला तक्ता त्याचाच. नॉर्वेच्या आणि मेळघाटच्या बाळाला एकच रेघ लागू आहे, कारण त्यांची प्रजाती एक आहे. सरांचा नियम चुकीचा नव्हता. 'आपले' आणि 'त्यांचे' ही सीमा आम्ही भलत्या ठिकाणी आखली होती.

पण त्या ओसरीवर आमचे शिक्षण अजून संपले नव्हते. सेविकेने आणखी एका मुलाला काट्यावर ठेवले. आकडा बरा दिसत होता; गालही भरलेले होते. आम्हांला हायसे वाटले. तिने मात्र त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"काटा बराबर दाखवते," ती म्हणाली, "पण पाय पाहा याचे. सूज हाये."

आदल्या दिवशी ज्या म्हणीवर आम्ही हसलो होतो, ती त्या पावलांवर अक्षरशः लिहिलेली होती. दोन्ही पायांवर अशी सूज असेल, तर वजन कितीही भरो, मूल तीव्र कुपोषितच धरायचे असा नियम आहे. सेविकेच्या नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. तिने त्यात 'हो' लिहिले आणि मुलाला पुढच्या उपचाराला न्यायची व्यवस्था करायला ती उठली. म्हणी वर्गात आम्ही 'लोकजीवनाचे संचित' म्हणून शिकवतो. ही म्हण कोण्या आजीने विनोदासाठी केली नसेल; तिने असेच एखादे पाऊल दाबून पाहिले असेल, असे आता वाटते.

उपमा कोठे थांबवायची, हेही इथे सांगायला हवे. मासा जन्मभर वाढत राहतो. उन्हाळ्यात डोह आटतो, खाणे संपते, तेव्हा त्याचे डोके मोठे आणि अंग बारीक दिसते. पूर आला, की तो पुन्हा भरतो. त्या उपासाची खूण कधी कधी खवल्यावरच्या वलयांत राहते आणि नर्मदेतल्या महसीरांसारख्या माशांचे वय अभ्यासक अशा वलयांवरून काढतात. मुलाला इतकी सवड नसते. लांबीच्या मानाने वजन कमी, ही आजची भूक. वयाच्या मानाने लांबी कमी, ही मागच्या महिन्यांची, कधी आईच्या पोटात असतानाची भूक. पहिल्या दोन वर्षांत राहून गेलेली लांबी पुढे पुरती भरून येणे कठीण असते. पाऊस त्याच्यासाठी मासळीसारखा भरणीचा ऋतू नसतो; पिके शेतात उभी, घरातले धान्य संपलेले, अंगात ताप, असा तो काळ.

दिवाळीच्या सुट्टीत सरांच्या दुसऱ्या फेरीला आम्ही आपण होऊन गेलो. त्याच गावात उतरलो. सेविकेने ओळखले, तक्ता काढला आणि त्या मुलाची रेघ दाखवली. आम्ही भेटलो होतो त्यानंतरचा पहिलाच ठिपका खाली घसरलेला होता. आमचे चेहरे पाहून ती म्हणाली, "घाबरू नका जी. सूज उतरली म्हणून वजन उतरलं. मंग चढलं, हे पाहा." त्यापुढचे तीन ठिपके खरोखरच वर गेले होते. पहिल्या ठिपक्याशी बरोबरी करायला अजून थोडे अंतर होते, पण आता भरत होते ते बाळसे होते.

मूल ओसरीवर खेळत होते. आईशी बोलावेसे वाटले, पण आम्हांला कोर्कू येत नाही. इतक्या जवळची भाषा, तरी तिचा एक शब्द नाही.

सरांच्या सारांशात शेवटी आम्ही 'सुस्थिती-गुणांक' ठेवला. 'बाळसे-गुणांक' सरांना मान्य होता. आम्हीच तो मागे घेतला. तो शब्द ज्यांचा आहे त्यांच्यासाठी राहू द्यावा, असे वाटले. कोष्टकात महिना, लिंग आणि अंड्यांचे रकाने आहेत ना, हे मात्र या वेळी आम्ही ऱ्हस्व-दीर्घाआधी तपासले.