खांबाआडची मोटारसायकल

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी नोकरीला आहे आणि घर लाईन बाजारला. कसबा बावडा, पंचगंगेवरचा पूल, शिये फाटा आणि पुढं शिरोली, हा माझा रोजचा रस्ता मोटारसायकलवरचा. सकाळी दुधाच्या किटल्या अडकवलेल्या गाड्या शहराकडं येत असतात आणि आम्ही शिफ्टवाले डबा घेऊन उलट दिशेला निघालेलो असतो. कोल्हापूर जिल्ह्याचं निम्मं पोट दोन चाकांवर चालतं, असं मला नेहमी वाटतं.

अपघात झाला तो संध्याकाळी घरी परतताना, बावडा रोडवर. समोरून येणारी एक कार तिच्या उजवीकडच्या गल्लीत वळायला थांबली होती. माझा वेग चाळीसच्या आसपास. चालवणाऱ्या गृहस्थांनी मान वळवून थेट माझ्याकडं पाहिलं. मला त्यांचा चष्मा दिसला, त्यांची नजर दिसली. त्यामुळं मी निर्धास्त होतो. आणि तेवढ्यात कार वळली. चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढं जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत मी बोनेटला धडकलो होतो.

माणसं धावली. कोल्हापुरात त्याची वाट बघावी लागत नाही. ‘उठू नगासा, पडून ऱ्हावा,’ म्हणत एकानं पाणी आणलं, दोघांनी गाडी बाजूला घेतली. एक पोरगा माझं हेल्मेट ओढून काढायला लागला, तेव्हा गर्दीतल्या एक बाई जोरात ओरडल्या, ‘हेल्मेटला हात लावू नको, मानेला लागलं असलं तर?’ त्या बाई कोण हे मला आजही माहीत नाही. मी नीट बोलत होतो, श्वास व्यवस्थित चालू होता, त्यामुळं हेल्मेट तिथं काढायची गरज नव्हतीच. एका रिक्षावाले मामांनी मला सीपीआर हॉस्पिटलला पोहोचवलं. ‘पोलिसांचं लफडं नको,’ असं काहीही ते म्हणाले नाहीत. खरं तर जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमच घातलंय. नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे प्रत्येक रिक्षा स्टॉपवर लिहून लावायला पाहिजे.

माझं कॉलर बोन मोडलं होतं. हेल्मेटची उजवी बाजू कानशिलापासून हनुवटीपर्यंत खरवडून पांढरी पडली होती. ते खरवडणं माझ्या चेहऱ्यावर झालं असतं.

कार चालवणारे काका तेव्हापासून एकच सांगत होते, ‘खरंच तुम्ही दिसला नाहीत हो.’ मी मनातून चिडलो होतो. माझ्या डोळ्यांत बघून गाडी वळवणारा माणूस असं कसं म्हणतो? पण ते फळं घेऊन घरी भेटायला आले तेव्हाही त्यांचा हात थरथरत होता. खोटं बोलणारा माणूस असा दिसत नाही. आणि मग मला राहवेना. माझा हात गळ्यात होता, पण त्यांना घेऊन मी कॉलनीतल्या मैदानावर गेलो. त्यांना त्यांच्याच कारमध्ये बसवलं, पुतण्याला हेडलाइट लावून मोटारसायकल समोरून थोड्या उजव्या अंगानं आणायला सांगितली.

कारच्या काचेच्या दोन्ही कडांना छत पेलणारे खांब असतात. गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून ते जाड केलेले असतात. चालकाच्या बाजूचा खांब डोळ्यांच्या इतका जवळ असतो की तीसेक पावलांवरची मोटारसायकल, स्वारासकट, हेडलाइटसकट, त्याच्या आड जाते. काका म्हणाले, ‘आत्ता तर होता, कुठं गेला?’ पुतण्या सावकाश पुढं येत होता आणि कार वळत होती, तसा खांबही त्याच्यासोबतच सरकत होता. काकांनी मान जराशी पुढं काढली आणि तो एकदम समोर उभा राहिला. मी नंतर काकांच्या जागी बसलो. मलाही तो दिसला नाही.

या गोष्टीचा अभ्यास जुना आहे. हॅरी हर्ट या संशोधकांनी लॉस एंजेलिसमध्ये ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन तपास केला आणि १९८१ साली अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांत मुख्य कारण हेच निघालं, की चालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली. त्यात सगळा दोष खांबाचा नाही. नजर एका जागेवरून दुसरीकडं झटकन फिरते तेव्हा मधलं काही दिसत नाही, आणि लहान वस्तू नेहमी लांब आहे, हळू येतेय असं वाटतं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू राहतो तो यासाठीच. पण खांबाआड दिव्याचा काय उपयोग? तिथं कारवाल्यानंच मान हलवून दोनदा बघायला हवं. दारांचंही तसंच. महाद्वार रोडला, राजारामपुरीत कार थांबते आणि उजवं दार खाडकन उघडतं, मागून येणाऱ्याला जागाच राहत नाही. उजवं दार डाव्या हातानं उघडलं की अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. इतकी साधी सवय, पण ती कुणी लावलेली मला दिसली नाही.

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आपल्याकडं विरोधाला सुरुवात होते. २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली, त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले पन्नास हजारांवर. मी कुणाशी वाद घालत नाही, माझं खरवडलेलं हेल्मेट फक्त समोर ठेवतो. पण हेल्मेट हा शेवटचा उपाय. कार मोठी, तिच्यातला माणूस पत्र्याच्या आत सुरक्षित, म्हणून बघण्याची जबाबदारीही त्याचीच जास्त, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि या हिशेबात आम्ही मोटारसायकलवालेही बघणारे आहोत. गळीत हंगाम सुरू झाला की बावड्याच्या राजाराम कारखान्याकडं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे मागं लोंबलेले, आणि लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असलाच तर उसाखाली झाकलेला. अंधारात मागून जाणाऱ्याला काळी भिंतच. यंदा आम्ही चार-पाच जणांनी फौंड्रीतून सुटल्यावर लाल-पांढरी चकाकणारी टेप घेतली आणि रांगेत उभ्या ट्रॉल्यांना लावत सुटलो. ड्रायव्हर तासन् तास थांबलेले असतात. कुणी हरकत घेतली नाही. बीडकडचा एक पोरगा स्वतः फडक्यानं धूळ पुसून देत होता. त्याची पहिली ट्रॉली झाल्यावर म्हणाला, ‘दादा, मागच्या ट्रॉलीला जास्त लावा की, लोक तिलाच येऊन धडकतेत.’ टेप संपली होती. दुसऱ्या दिवशी आणून मागच्या ट्रॉलीला दोन पट्टे लावले.