एक अक्षर – ‘ने’

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी व माझा धाकटा भाऊ मुंबईस गिरगावात एका खोलीत राहून शिकत होतो. गावी आई आजारी पडली. मला परीक्षेसाठी पुण्यास जाणे भाग होते. म्हणून औषधपाण्याचे पाचशे रुपये मी खालच्या गुजराती दुकानदाराकडे ठेवले व भावाने ते घेऊन गावी जावे असे ठरले. परत येतो तो दारात दुकानदाराची चिठ्ठी – ‘भाईने पांचसो रूपिया आप्या छे.’ गुजराती लिपी मला येत होती. भाषाही येते, असा माझा समज होता! भावाने पैसे परत केले, अर्थात स्वारी रिकाम्या हातांनी गेली, असे समजून मी त्यास एक जळजळीत पत्र लिहिले.

वास्तविक दुकानदाराने पैसे भावाला दिले होते. आमच्या मराठीत ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय : भावाने दिले, चाकूने कापले. हिंदीत तो केवळ कर्त्यास, आणि तोही सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी लागतो. चाकूच्या वाट्यास ‘से’ येतो. उलट आपण ‘मी दिले’ म्हणून मोकळे होतो, तेथे हिंदीस ‘मैंने’ म्हणावे लागते. आणि गुजरातीत ‘भाईने’ म्हणजे आपले ‘भावाला’! ‘भावाने’ म्हणावयाचे तर ‘भाईए’. या ‘ने’च्या कुळाविषयी पंडितांत अद्याप एकमत नाही.

हे झाले शेजारघरचे. दूर पाहावे तर सर्बियन भाषेत ‘ने’ म्हणजे नाही. तो आपल्या संस्कृत ‘न’चा दूरचा आप्तच. त्याच बाल्कन प्रदेशात ग्रीक मनुष्य ‘ने’ म्हणाला तर तो होकार समजावा. आणि तुर्काच्या तोंडी ‘ने’ म्हणजे ‘काय?’ या दोघांचा आपल्या ‘ने’शी काही संबंध नाही. ध्वनी एक, पण कोठे होय, कोठे नाही, तर कोठे नुसता प्रश्न!

पुढे हे सारे मी वर्गात अनेकदा रंगवून सांगितले, विद्यार्थी हसलेही. भावाचे उत्तर मात्र मी कधी सांगितले नाही. त्याने एवढेच लिहिले होते – ‘पैसे पोचले. औषध सुरू आहे. आईस उतार पडत आहे.’ माझ्या पत्राविषयी एक अक्षरही नव्हते. चिठ्ठीतील प्रत्यय परका होता, ही सबब मला मिळाली. पण माझे पत्र शुद्ध मराठीत होते.