अस्तरातला रुपया

गेल्या श्रावणात नववीतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि मुठीतला काळवंडलेला रुपया पुढे करून म्हणाला, "सर, हा लिंबाने घासला तर चकचकीत होईल ना?" मी तो रुपया त्याच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. बिचारा घाबरला. शिक्षकाने एवढे उतावीळ का व्हावे हे त्याला कळेना. म्हणून त्याच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी आजीच्या पेटीत अशी नाणी असतील त्या सर्वांसाठी, माझ्या एका अपराधाचा हा वृत्तान्त लिहीत आहे.

पेडणे तालुक्यातील आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे. माजघरात आजीची लाकडी पेटी, पेटीत खणाची थैली आणि थैलीत चांदीचे रुपये. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती ते बाहेर काढी, दुधापाण्यात बुडवी आणि जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपी. ती कधी पुसत नसे, टिपत असे. या दोन क्रियापदांतील अंतर मला, भाषेचा पदवीधर असूनही, फार उशिरा उमगले. मग मोजणी होई. रुपये भरत सात. "आठ आशिल्ले, पुता," आजी दरवर्षी म्हणे. आम्ही एकमेकांकडे पाहून हसत असू. नव्वदीच्या घरातल्या माणसाच्या हिशेबावर विश्वास कोण ठेवणार?

त्या सातांत सहा इंग्रजी अमलातले होते. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज हे त्यांचे धनी. सातवा मात्र आमच्या गोव्याचा. त्यावर पोर्तुगालचा राजा लुईश पहिला, साल १८८१, आणि मागच्या बाजूस मुकुटाखालची ढाल. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा व कसाचा होऊन कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडला जाऊ लागला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. तेव्हा दोन सत्तांची ही मंडळी आमच्या थैलीत गुण्यागोविंदाने नांदत होती, यात नवल नाही. पुढे हा कस दोन्हीकडे उतरला. ब्रिटिशांनी १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी ठेवली, १९४७ च्या गोव्याच्या रुपयातही निम्मीच उरली, आणि १९५२ च्या रुपयात तर चांदीचा कणही नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरावरचे वासे वाळवीने खचले. पैशाची जुळवाजुळव चालली असता आजीच म्हणाली की रुपये विका. घर पडले तर पेटी तरी ठेवणार कुठे? पणजीतील एका जाणत्या संग्राहकाशी भेट ठरली. आदल्या रात्री मला बुद्धी सुचली. पाहुण्यांकडे जाताना आपण तोंड धुऊन जातो, मग राजांनी का जाऊ नये? दंतमंजन, लिंबाची फोड आणि एक जुना ब्रश घेऊन मी दोन तास बसलो. सातही रुपये असे लखलखू लागले की मला स्वतःचाच अभिमान वाटला. आजी उंबऱ्यातून पाहत होती. ती काहीच बोलली नाही.

संग्राहकाने पहिला रुपया दोन बोटांत कडेने धरला, दिव्याखाली तिरपा केला आणि खाली ठेवला. दुसराही तसाच. सातव्यानंतर त्याने भिंग माझ्या हाती दिले. राजाच्या गालावर, मोकळ्या पृष्ठभागावर, सर्वत्र केसासारख्या बारीक रेघा. एका दिशेने, अगदी माझ्या ब्रशच्या दिशेने गेलेल्या! मग त्याने मला जे सांगितले ते माझ्या आयुष्यातील एका उत्तम पाठांपैकी होय.

ठशाचा दाब बसताच चांदी मध्याकडून कडेकडे सरकते. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नव्या नाण्यावर राहतात, आणि नाणे फिरवले की त्यांवरून प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हीच खरी झळाळी. ती एकदा घासून गेली की पुन्हा आणता येत नाही. नंतर दिसते ती केवळ चकाकी. उलट, काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो थर बसतो आणि बहुधा खालच्या पृष्ठभागाला धक्का लावत नाही. (नाण्यांच्या पुडीला रबराचे वेटोळे घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की रबरातही गंधक असते.) झीज आधी उंचवट्यांवर दिसते: राणीच्या केसांवर, राजाच्या कानाजवळ, पाचव्या जॉर्जच्या झग्यावरील चिमुकल्या हत्तीवर. १९११ च्या रुपयावर हा हत्ती असा उमटला होता की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी त्याची सोंड सुधारावी लागली! ठसाच हलका बसला असेल तर मात्र ती झीज नव्हे. पुसट जागीही झळाळी शिल्लक असेल तर दोष टाकसाळीचा, नसेल तर बोटांचा.

गुण देण्याची रीतही त्याने सांगितली, आणि शिक्षक म्हणून माझे कान टवकारले. शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली आपल्या देशाच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणपट्टी ठरवली; आज ती जगभर चालते. तीत ६० च्या वर न वापरलेली नाणी, ४० ला 'अत्युत्तम', २० ला 'फार छान', १२ ला 'छान' आणि ४ ला 'चांगले'. सत्तरपैकी चार गुणांना 'चांगला' म्हणणारा शिक्षक आमच्या शाळेत दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला असता! पण घासलेल्या नाण्याला ही पट्टीच लागू होत नाही. कितीही गुण पडोत, शेरा एकच: 'धुतलेले'. म्हणजे नक्कल करून लिहिलेला पेपर.

मी खजील होऊन रुपये थैलीत भरू लागलो. संग्राहकाने थैली मागून घेतली आणि सवयीने तळ चाचपला. अस्तराची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली होती. तिथून त्याने एक कडा बाहेर ओढली. काळी, निळसर, मध्येच जांभळी झाक असलेली. १८८१, लुईश पहिला. कानावरचे केस एकेक मोजता येतील असे, आणि काळिम्याखालून दिव्याबरोबर फिरणारा प्रकाश. त्याने तो माझ्या घासलेल्या लुईशशेजारी ठेवला. एकाच वर्षी, एकाच टाकसाळीत जन्मलेले ते दोघे सख्खे भाऊ. एक माझ्या हाती सापडला होता, दुसरा सापडला नव्हता.

सातांना त्याने चांदीचा भाव सांगितला. आठव्याला जो सांगितला त्यात वासे आले, कौले आली आणि सुताराची मजुरीही निघाली. तो विकावा की ठेवावा हे मला ठरवेना. मी घरी दूरध्वनी केला. आजीने किंमत विचारलीच नाही. "म्हज्या न्हंय, तुज्या हिशेबान कितले जाले?" एवढेच तिने विचारले. मी म्हटले, आठ. ती म्हणाली, "मग वीक."

विद्यार्थ्याच्या रुपयाला कडी जोडल्याची खूण होती; कुणाच्या तरी गळ्यात तो पुष्कळ वर्षे होता. संग्राहकाच्या पट्टीवर त्याला जवळजवळ काही नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याने तो कागदात गुंडाळला आणि घासणार नाही असे कबूल केले.

घासलेले सात आम्ही परत आणले होते. त्या वर्षीच्या दिवाळीत आजीने ते नेहमीप्रमाणे दुधापाण्यात बुडवून टिपले, थैलीचे अस्तर उसवून नव्या दोऱ्याने शिवले आणि सुई माझ्या हातात दिली. मग तिने मोजले. या खेपेस सात म्हणून ती थांबली.