जात्याची घरघर

आमच्या पांढुर्ण्याच्या घरी एक कॅसेट तीस वर्षं कपाटात पडून होती. १९९४ च्या आषाढातली. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो आणि पगारातून पैसे साठवून टेपरेकॉर्डर घेतला होता. पीठ तोवर चक्कीवरून येऊ लागलं होतं, पण तुरीची डाळ आई जात्यावरच भरडायची, आणि खुंट्याला हात लागला की तिच्या ओठी ओवी यायची. एका पहाटे तिच्या नकळत मी टेप सुरू केला. नेमका पाऊस आला. मागाहून ऐकतो तर काय, टिनांवरचा पाऊस, जात्याची घरघर आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा यांतच आईचा आवाज बुडालेला. एके ठिकाणी तर ओवीही नाही, जातंही नाही, नुसता पाऊस. वर 'खराब' असं लिहून मी ती ठेवून दिली. पुन्हा भरू म्हटलं. २००३ मध्ये आई गेली.

माझा धाकटा नागपूरला नोकरी करतो. सुटीत घरी आला की कानाला हेडफोन. एकदा विचारलं, "काय ऐकतोस बाप्पा एवढं?" म्हणाला, "ब्लॅक मेटल. पण यात लोकसंगीत अन् अँबियंट मिसळलं हाय." मी हिंदीचा एम. ए. मला मेटल म्हटलं की सौंसरच्या बाजारातली भांड्यांची दुकानं आठवतात. त्यानं माझ्या कानाला लावून दिलं. आग्या मोहोळ उठावं तसा गिटारचा एकच घोंगाट, मागे ढोलांची धावाधाव, आणि त्यात कोणीतरी जिवाच्या आकांतानं किंचाळतंय. मी दोन मिनिटांत काढून ठेवलं.

पण शिक्षकाची खोड जात नाही. मी वाचायला बसलो, आणि हादरलो. हे संगीत वाढलं ते नॉर्वेत. तिथं १९९२ च्या जूनमध्ये बर्गेनजवळचं फॅन्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं; त्यानंतर आणखी चर्चेस जळली, १९९३ मध्ये त्याच मंडळींत खून झाला. पोरगा कोणाच्या नादी लागला म्हणून मी फोनवर त्याला बरंच काही बोललो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ते खरंच वाईट होतं. पण तेवढंच नव्हतं. पुढचंबी वाचा."

पुढचं वाचलं. १९९५ साली 'उल्वेर' या ऑस्लोच्या चमूनं 'बर्गटाट' नावाचा संग्रह काढला. डोंगरातल्या भुतांनी ओढून नेलेल्या एका मुलीची लोककथेसारखी कथा, पाच प्रकरणांत. घोंगाट आहे, पण साधी गिटार आहे, देवळातल्यासारखं संथ गाणं आहे आणि एके ठिकाणी रानातून पळणारी पावलंही ऐकू येतात. भाषा मुद्दाम जुनी, डॅनिश वळणाची. इथं मी थबकलो. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या अमलाखाली होता. लिहायची भाषा डॅनिश, घरची बोली वेगळी. वाचकहो, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी अशी आपली तऱ्हा. २०२३ मध्ये पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा झाला, तरी ती तशीच आहे. त्या लोकांचं दुखणं मला परकं वाटेना.

अँबियंट हा शब्द ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानं १९७८ मध्ये 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'च्या वेळी रूढ केला. मन लावून ऐका, नाहीतर खोलीत नुसतं वाहू द्या, दोन्ही चालतं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर वाढलेल्या माणसाला हे कळायला जड नाही. खंजिरी नाचते, पण खाली एकतारीचा एकच स्वर रात्रभर जागत असतो. आइनार सेल्विक हा 'गोरगोरोथ' या ब्लॅक मेटल चमूत ढोल वाजवायचा; पुढे त्यानं 'वार्द्रुना' काढून जुनी वाद्यं, झाडं, दगड, पाणी यांचे आवाज गाण्यात घेतले. आपल्याकडे मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'नं २०१७ मध्ये 'दशावतार' काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं, साथीला भारतीय वाद्यं.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्याला ती कॅसेट सापडली. तो नागपूरला घेऊन गेला. मग रोज रात्री फोन. "बाबा, सांदवाडी म्हणजे काय? वसरी म्हणजे?" हिंदी शाळेत शिकलेलं पोर, त्याच शाळेत मी शिकवत होतो. शब्दांचे अर्थ सांगताना माझाच आवाज खाली जाई.

पोळ्याला तो आला आणि त्यानं केलेलं गाणं लावलं. आधी दोन मिनिटं नुसता पाऊस. मग जात्याची घरघर, तिच्यावर आजीची ओवी. मग ती रिकामी जागा.

"इथं टेप बिघडला नवता, बाबा," तो म्हणाला. "आजी इथं थांबते."

नरखेडच्या भावाची ओवी होती ती. नरखेड म्हणजे आगगाडीनं किती लांब? पण माझ्या वडिलांचं आणि मामाचं शेतावरून बिनसलं आणि अकरा वर्षं आईला माहेर बंद झालं. तिची आई गेली तेव्हाही तिला जाऊ दिलं नाही. घरात यावर कोणी बोललं नाही, मीही नाही. टेप लावला तेव्हा ती अकरा वर्षं चालूच होती. मुलगा शिकलेला, कमावता, भिंतीपलीकडे बसून ओव्या टिपतोय, आणि आई नेमकी भावाच्या नावापाशी अडखळते तिथं तो 'खराब' लिहितो.

त्या थांब्यावरच धाकट्यानं वादळ सोडलं होतं. गिटार, ढोल, आणि त्याची स्वतःची किंकाळी. माझी बहीण ताडकन उठली. "हे काय लावलं? माझी आई जन्मात कधी ओरडली नाही." मग दारापाशी थांबून म्हणाली, "ओरडाले पाहिजे होतं तिनं."

दुसऱ्या दिवशी नरखेडला तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. आमच्याकडे जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार. दार लावून बसलो तरी डफड्यांचा आणि गर्दीचा आवाज घरात येत होता. मी धाकट्याला म्हटलं, किंकाळी थोडी कमी कर. तो नाही म्हणाला. मीही पुन्हा म्हटलं नाही.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ऐकवायचं आहे. पूर्ण की फक्त पावसापर्यंत, हे अजून ठरत नाही.