मित आणि आयाम

दोन घास कमी खावे आणि चार पावले अधिक चालावे, हा उपदेश तुम्हीही ऐकला असेल. दीर्घ व निरोगी आयुष्यासाठी या दोहोंपैकी अधिक मोलाचे कोणते, असा वाद मग निघतो. माझा व्यवसाय शब्दांचा असल्याने मी त्याकडे शब्दांच्या वाटेने जातो.

'मिताहार' या शब्दातील 'मित' म्हणजे मोजलेले. आपण त्याचा अर्थ सरसकट 'थोडे' असा करतो आणि तेथेच घोटाळा होतो. 'व्यायाम' या शब्दात 'आयाम' आहे, म्हणजे विस्तार. एक शब्द मर्यादा सांगतो, तर दुसरा विस्तार.

१९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवून दिले, की कमी उष्मांकांच्या आहारावर वाढवलेले उंदीर अधिक काळ जगतात. मात्र त्या आहारातील जीवनसत्त्वे व खनिजे पुरेशी ठेवलेली होती. तो आहार मित होता, निकृष्ट नव्हता. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे दोन्ही बाजूंना आधार आहे. पण एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. केवळ खाणे घटवून बसून राहणारा माणूस चरबीबरोबर स्नायूही गमावतो. आणि तासभर चालून खर्च केलेली ऊर्जा एक-दोन बटाटेवडे सहज भरून काढतात.

येथे मला माझ्या आईची आठवण होते. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरले तेवढ्यावर ती भागवी. तिच्या बेताच्या खाण्याचे घरीदारी कौतुक होई. पाणी भरणे, दळण, धुणे यांमुळे तिला दिवसभर उसंत नसे. वरवर पाहता मिताहार आणि व्यायाम, दोन्ही तिला साधले होते. तरीही पन्नाशीतच तिचे शरीर थकले. तिचे अन्न थोडे होते, मित नव्हते. कारण ते कोणी मोजलेच नव्हते. तिच्या श्रमांत झीज होती, आयाम नव्हता.

वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या ग्रंथात जठराचे दोन भाग अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. बलवान माणसानेही व्यायाम निम्म्या शक्तीपर्यंतच करावा, असेही तो म्हणतो. आहार आणि व्यायाम या दोहोंना त्याने मापच लावले आहे, आणि ते माप ज्याच्या त्याच्या भुकेचे व शक्तीचे आहे.

नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळताना तुमच्यापैकी अनेक जण शेवटी जेवत असतील आणि कामाच्या धावपळीलाच व्यायाम मानत असतील. किती खावे आणि किती चालावे, हे विचारण्याआधी आपल्या ताटाचे माप कोण ठरवते, हे एकदा पाहा. घरात कोणी उरलेल्यावर भागवत असेल, तर आज त्या व्यक्तीचे ताट आधी वाढा.