खिशावरचे दोन नुक्ते

गणवेशामुळे सगळी मुलं सारखी दिसतात, असं मी बी.एड.ला असताना वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. वर्गात उभं राहिल्यावर मात्र वेगळंच दिसतं. कोणाच्या घरी किती ओढाताण आहे, हे सगळ्यात आधी गणवेशच सांगतो. नवा शर्ट कडक असतो. मोठ्या बहिणीचा उतरलेला शर्ट मऊ पडलेला असतो, त्याची कॉलर झिजलेली असते आणि खिशावरचा शाळेचा बॅज धुऊन धुऊन अर्धा गेलेला असतो.

आमचं सोलापूर तर गणवेश शिवणारं शहर. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि आता कितीतरी कारखान्यांत बाहेरगावच्या शाळांचे शर्ट शिवले जातात. मी ज्या उर्दू शाळेत मराठी शिकवते, तिथल्या अनेक मुलींच्या अम्मी घरी बसून त्या शर्टांना बटणं लावतात, दोरे कापतात. दिवसभर कोरे गणवेश हाताखालून जातात आणि स्वतःच्या मुलीला आपाचा जुना शर्ट घालावा लागतो. सरकारी आणि महापालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत समग्र शिक्षा योजनेतून गणवेश मिळतो. आमच्यासारख्या खासगी अनुदानित शाळेत तो पालकांनीच घ्यायचा असतो.

सहावीतली एक मुलगी परिपाठाला रोज वही छातीशी धरून उभी राहायची. खिशावरचा बॅज पुसला होता आणि तो नसला की रांगेतून बाहेर काढतात. रांगेबाहेर उभं राहणं तिला जड जात नव्हतं. "आपा का शर्ट, आपा का शर्ट" असं मैत्रिणी चिडवायच्या, ते जड जात होतं. जुलैत ती आठवड्यातून दोन दिवस घरी राहू लागली. हुशार मुलगी अशी हळूहळू शाळेतून सुटते, हे मी वीस वर्षांत अनेकदा पाहिलंय.

आमच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारे एक भाई आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी त्यांच्याकडून बॅजची स्क्रीन करून घेतली. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी. जाळीवर उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा, वर बॅजचं काळं चित्र ठेवून उजेड दाखवायचा आणि पाण्याने धुवायचं. चित्राखालचा लेप निघून जातो, तेवढ्याच जागेतून रंग खाली उतरतो. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं होतं, हेही मी मुलींना सांगितलं.

शनिवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काम सुरू झालं. सांगितलं होतं की सगळ्यांनी शर्ट आणायचा, जुना असो की नवा. फक्त गरजू मुलींना बोलावलं असतं, तर तो छापाच त्यांच्यावर शिक्का झाला असता. जुन्या शर्टांचे खिसे उसवले, उलटे केले, म्हणजे न झिजलेली बाजू वर आली. मग छापायचं आणि खिसा परत शिवायचा. पिगमेंट आणि बाइंडर कालवून रबराच्या पट्टीने एकदाच, एका दाबाने ओढायचं. वाळल्यावर वर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग पक्का बसतो.

पहिला छाप उचलला आणि मुली हसत सुटल्या. बॅजखाली उर्दूत "क़लम" लिहिलेलं आहे. क़ाफच्या दोन नुक्त्यांपैकी एक जाळीत बुजला होता. एक नुक्ता गेला की क़ाफचा फ़े होतो आणि "क़लम"ची "फ़िल्म" होते! मराठीच्या तासाला अनुस्वारासाठी माझ्याशी भांडणाऱ्या त्याच मुली मग सुईने तो नुक्ता मोकळा करायला बसल्या. एका टिंबाची किंमत मला पुन्हा शिकवावी लागली नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. नव्या कापडात खळ असते, त्यामुळे त्यावर रंग नीट मुरत नव्हता. भाईंनी आधीच सांगितलं होतं, नवं कापड एकदा धुऊन घ्या. चार मुलींनी दुकानातून आणलेले शर्ट तसेच आणले होते, त्यांचे बॅज फिके उठले. सगळ्यात ठसठशीत बॅज उठला तो आपाच्या शर्टावर. तीन वर्षं धुतलेल्या सुताने रंग पिऊन घेतला होता. नव्या शर्टवाल्या मुली खिसा उसवून, घासून धुऊन परत रांगेत आल्या आणि पुढच्या छापाला चौकट धरायला तीच सहावीतली मुलगी उभी होती.

एका शर्टाला रंगाचा खर्च जेमतेम काही रुपये. गरिबी त्याने जात नाही, हे मला कळतं. तिच्या अम्मीला एका बटणामागे मिळणारे पैसेही वाढत नाहीत. पण जुनं कपडं घालणं आणि कोणाचं तरी उतरलेलं घालणं यात फरक आहे. स्वतःच्या हाताने छापलेला शर्ट आपाचा राहत नाही. ऑगस्टपासून ती मुलगी रोज येते. परवा धाकट्या भावाचा शर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "टीचर, स्क्रीन दो, मैं छापती. नुक्ते मैं देख लेती."