मोतोयासूच्या काठावर

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर माझ्या रोजच्या वाटेवरची. 1924च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, लोटलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून ती खोदली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, आमच्या बेळगावात. तिच्याजवळून जाताना हल्ली मला दूरची एक नदी आठवते.

हिरोशिमाची मोतोयासू. 6 ऑगस्ट 1945च्या सकाळी होरपळलेली माणसं पाणी पाणी करत तिच्यात उतरली, कितीतरी पुन्हा वर आलीच नाहीत. त्याच काठी, अणुबाँबनं सांगाडा करून सोडलेल्या घुमटाजवळ, भारतानं भेट दिलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याचं 20 मे 2023 रोजी अनावरण झालं. ब्राँझचा, उंची 42 इंच. घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. नर्मदेकाठचे 182 मीटरचे सरदार पटेलही त्यांचेच. मला मात्र हे 42 इंच अधिक जड वाटतात. जळून गेलेल्यांच्या शेजारी बसायचं तर खालीच बसावं लागतं.

आमच्या उद्यमबागेत फौंड्र्या आहेत. लहानपणी भट्टीतला लोखंडाचा रस साच्यात पडताना पाहिलाय. लालभडक धार, अंगाची लाही. कामगार सांगायचे, घाईनं साचा उघडला तर कास्टिंगला तडा जातो, थांबावं लागतं. तांबं-कथलाचं ब्राँझही असंच आगीतून जातं. आगीनं राख केलेल्या शहराला आगीतूनच निघालेली वस्तू द्यायची, यानं माझा जीव हलतो.

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पुतळा म्हटलं की पोटात गोळा येतो. कुणाचा, कुठल्या चौकात, पाटी कुठल्या भाषेत? वाद पेटला की बंदोबस्त लागतो, निपाणीपुढं कोगनोळीला एसट्या थांबतात. पुतळा म्हणजे जागेवरचा हक्क, हेच आम्ही पाहत आलो. मोतोयासूकाठचा पुतळा दिला त्या दिवशीच तिथल्या लोकांचा झाला.

भाषेच्या या वादात मला बेळगावच्या त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष आठवतात, गंगाधरराव देशपांडे. टिळकांचे अनुयायी, आत्मचरित्र लिहिलं मराठीत, आणि लोक त्यांना म्हणत ‘कर्नाटक सिंह’.

माझी पणजी तेव्हा निपाणीहून बैलगाडीनं आली होती. गांधीजी कुठल्या भाषेत बोलले, ते तिला कधीच सांगता आलं नाही. विहिरीचं पाणी गोड होतं, एवढं सांगायची.